अजून एक मंगलाष्टक

वालचंदनगर,
२८ मार्च १९९३

अहो,

हसू नका. सुपारी फुटल्यापासून आईनं बजावलंय, आता "ए बिरू" बंद. पाचवीत असताना क्लबच्या भिंतीवर बसून ज्याच्या डोक्यात चिंचोके मारले त्याला अहो म्हणायचं म्हणजे माझं मलाच कसंसं होतंय. पण आईपुढं कोण बोलणार!

तारीख ठरली. नऊ मे, रविवार, गोरज मुहूर्त. मांडव आमच्या कॉलनीच्या मैदानात, टेनिस कोर्टाच्या अगदी शेजारी. आबांनी हट्टानं तीच जागा मागून घेतली. आमचे आबा कारखान्यात साधे फिटर, पण एकदा बोलायला लागले की मोठे साहेबसुद्धा ऐकून घेतात. म्हणाले, "तात्याबानं ह्या कोर्टाला पाणी मारलं, रोलर ओढला, त्याचं पोरगं इथंच साहेबांचे बॉल वेचता वेचता खेळाडू झालं. त्याचं लग्न दुसरीकडं कुठं लागणार?" 

तुमचे धाकटे बंधू दर रविवारी राजदूत फटफटी घेऊन हजर. आता दादासाहेबांना मी भाऊजी म्हणायचं म्हणे! बारामतीच्या मार्केट यार्डातून येताना कधी कलिंगड, कधी काकड्या. परवा माझ्या बांगड्यांचं माप घेऊन गेले. म्हणाले, "वैनी, बिरूदादा रॅकेट धरून बसलाय, ही कामं मलाच करायला लागणार." आई तर त्यांच्यावर बेहद्द खूश आहे.

एक मात्र नक्की सांगा. तुमची ती स्पर्धा दोन मेला संपते ना? हळद आठ तारखेला आहे. हळदीला नवरा लागतो म्हणे.

तुमची (अजून व्हायची),
सुप्रिया

*

लखनौ,
१६ एप्रिल १९९३

सुप्रियाबाई,

तुमचं पत्र आलं. मी तुला बाई म्हणतो, तू मला अहो म्हण, फिट्टंफाट. हितं आमी चौघं एका खोलीत हाय. तामिळी पोरगं एक हाय ते रात्रंदिस रॅकेटीची तार तपासतंय. त्याला तुझं पत्र दावलं तर म्हणालं, ही कुठली लिपी? म्हटलं, ही माझ्या सासुरवाडीची लिपी.

घोर करू नको. ह्या खेळाचं असं हाय, की तीन गावात तीन आठवडं खेळायचं. त्यात जे वर राहत्यात त्यास्नीच चौथ्या आठवड्याला बोलावत्यात. आन चौथा आठवडा खेळला तरच गुण. मधीच सोडलं का आधीच्या तिन्ही आठवड्यांवर पाणी. ते गुण पडलं म्हंजे जगाच्या यादीत नाव लागतं. एकदा तितं नाव लागलं का परदेशातल्या स्पर्धेला अर्ज करता येतो, कुठलं तरी हापीस नोकरी देतं, लोक खेळाडू म्हणत्यात. न्हायतर मग नुसतं रॅकेट घेऊन हिंडणारं येडं. मी दोन वर्षांत अशी पाच सर्किटं खेळलो, चौथ्या आठवड्याला एकदा बी न्हाय पोचलो. तवा दोन मेला मी रिकामाच हाय. तू हळद वाट.

दादासाहेबाचं वाचून बरं वाटलं. लई गुणाचं पोरगं. घरची मेंढरं गेली तवा मला रॅकेट आली, आन त्याची शाळा सुटली. यार्डात पोती उचलतंय पण कधी तोंड वाईट केलं न्हाय. तात्या मला म्हणत्यात, तू देशभर उंडारतोस, घर त्यानं धरलंय. खरंच हाय ते. त्याला माझ्या वाटणीचं बी जेवायला घाल.

काल पयली मॅच जिकलो.

तुझाच,
बिरू

*

वालचंदनगर,
२५ एप्रिल १९९३

अहो जिंकणारे,

पत्र कलकत्त्याच्या पत्त्यावर टाकतेय, तिसरा आठवडा तिथं म्हणालात ना. पत्रिका वाटून झाल्या. आत्या आली. आमची साखरबाई आत्या, तिचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, ती बोलली की स्टँडवरच्या माणसाला वाटतं गाडी लागली. तिनं आत्तापासून मंगलाष्टकं घोकायला घेतलीत. मी म्हटलं, आत्या, एकच म्हण, लोक उपाशी असतात. तर म्हणाली, "भाचीच्या लग्नात नाय गायचं तर काय तिरडीपुढं गायचं?" अशी आहे ती.

काल मी कोर्टावर गेले होते. मांडवाचे वासे येऊन पडलेत. भिंतीवर जाऊन बसले, जुन्या जागी. तू आठवलास. (आई बाजारात गेलीय, तू म्हणून घेते.) साहेबांची मुलं आऊट जाणारा बॉल सोडून द्यायची, तू त्याच्याही मागं धावायचास. तात्या रोलर ओढता ओढता ओरडायचे, "मुडद्या, आऊट हाय त्यो!" तू ऐकायचासच नाही. गुडघे फोडून घ्यायचास. मी तेव्हाच आईला म्हटलं होतं, हा मुलगा वेडा आहे. आणि आता त्याच वेड्याशी लग्न करतेय, घ्या!

एक गोष्ट सांगू का नको असं झालंय. भाऊजी कालही आले होते. चहा नको म्हणाले, दारातच उभे राहिले. म्हणाले, "वैनी, बिरूदादाला लग्नापरीस खेळ प्यारा हाय. तुमी सवतीवर चाललाय." मी हसले. पण ते हसले नाहीत. मला ते आवडलं नाही. असो, उन्हाचा ताप असेल.

तुम्ही या फक्त.

सुप्रिया

*

कलकत्ता,
२ मे १९९३

सुप्रिया,

कसं सांगू तेच कळंना झालंय. मी चौथ्या आठवड्यात गेलो! आज संध्याकाळी यादी लावली. तामिळी पोरानं मला उचलूनच घेतलं. माझं नाव शेवटून दुसरं हाय, पण हाय. मी यादीपुढं उभा राहून रडलो. मग एकदम नऊ तारीख आठवली.

चौथा आठवडा परवापास्नं, हितंच. नऊ तारखेला संपतो. मी खेळलो तर लग्नाला पोचत न्हाय. लग्नाला आलो तर तिन्ही आठवडं वाया, आन पुना हे जमंल का न्हाय देवाला ठावं. सुप्रिया, मी बारा वर्षं ह्याच्यापायी उन्हात धावलो गं.

लग्न आठ दिस पुढं गेलं तर? आबास्नी इचारून बघ. मी जाणतो, पत्रिका वाटल्यात, त्यांची अब्रू हाय. मी अजून काय बी ठरवलेलं न्हाय. आज रात्री झोप येणार न्हाय. गुरवारी दादासाहेबाला यार्डात आडत्याच्या फोनवर गाठतो आन काय ठरलं ते सांगतो. हे पत्र तुला कवा मिळंल ठावं न्हाय, पण दादासाहेब सांगंल ते माझंच समज. त्याचा शब्द तो माझा शब्द.

रागावू नको.

बिरू

*

वडगाव निंबाळकर,
२७ जून १९९३

तीर्थरूप भाऊजी यांस,
सौ. सुप्रियाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामंजींनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितेय. ते म्हणतात, बिरूला सांग घरी ये, झालं गेलं विसर. तुमचा पत्ता क्लबच्या साहेबांकडून मिळाला. पुण्याला आहात असं कळलं.

काय झालं ते तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल, पण माझ्याकडून एकदा ऐका. गुरुवारी संध्याकाळी दादासाहेब राजदूतवरून आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "बिरूदादाचा फोन आला व्हता. लगीन पुढं ढकला म्हणतोय, मी येत न्हाय." मी म्हटलं, खोटं आहे. मग शनिवारी तुमचं पत्र आलं, तुमच्या अक्षरात. लग्न पुढं ढकला, दादासाहेबांचा शब्द तो माझा शब्द. ते आबांनी मोठ्यानं वाचलं. 

मांडव उभा. आचारी येऊन बसलेला. आबांनी टोपी काढून मामंजींच्या पायावर ठेवली. माझ्या आबांनी, भाऊजी! आयुष्यात कुणापुढं वाकले नव्हते ते. मामंजी खाली बसून कपाळ बडवायला लागले. त्यात कुणीतरी म्हणालं, धाकटा आहे की. मला कुणी विचारलं नाही. दादासाहेबांना विचारलं, ते मान खाली घालून "तुमी म्हणाल तसं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच बोहल्यावर, त्याच बांगड्या घालून, माझं लग्न लागलं.

तुमचे गुण पडले असतील. यादीत नाव लागलं असेल. चांगलं झालं. मी इथं तुमच्याच वडगावच्या घरी धारा काढते, शेण काढते. तुम्ही मला फसवलंत एवढं मात्र मरेपर्यंत विसरणार नाही.

मामंजींची तब्येत बरी आहे.

आपली धाकटी भावजय,
सौ. सुप्रिया दादासाहेब मासाळ

*

पुणे,
१५ ऑगस्ट १९९३

सुप्रिया,

मला भाऊजी म्हणू नको. शिव्या दे, पर भाऊजी म्हणू नको.

कसलं गुण आन कसली यादी? मी चौथा आठवडा खेळलोच न्हाय. गुरवारी फोन केला तो हे सांगायला, की मी येतोय! दादासाहेबाला माझ्या तोंडानं सांगितलं, "मी खेळ सोडला, गाडीत बसतोय, रईवारी येतो, थोडा उशीर झाला तर खोळंबा." तो म्हणाला, "बरं." एवढंच. बरं! माझ्या सख्ख्या भावानं एवढंच म्हटलं आन फोन ठिवला.

समोरच्याला वॉकओव्हर गेला, त्यो न खेळताच जिकला. पंच मला म्हणाला, परत ये, पस्तावशील. मी बॅग उचलली. हावड्याला रिझर्वेशन न्हाय, दाराशी बसून आलो. नागपुराच्या अलीकडं गाडी उन्हात उभीच राहिली. मी ड्रायव्हराला हात जोडायला इंजनापतुर गेलो, लोक हसले. दौंडला रईवारी उतरलो, बारामतीला आलो, तितनं वालचंदनगर. कपडं घामानं कडक झालेलं. म्हटलं, तसाच बोहल्यावर चढतो, सुप्रिया हसंल.

स्टँडवरनं चालत आलो ते कोर्टाच्या मागनं. बँडचा आवाज आला. मला वाटलं माझ्यासाठीच. जाळीमागनं बघितलं तर दादासाहेब घोड्यावर. बाशिंग बांधलेला, हातात कट्यार, पुढं पोरं नाचत्यात, बँड मारुतीकडं चाललाय. माझं बाशिंग. माझं घोडं. मला समदं कळलं. पर मी उशिरा पोचलो, सुप्रिया. अक्षता पडून गेल्या व्हत्या, आता काय उपेग? मी जाळी धरून उभा राहिलो. मग तसाच मागं फिरलो.

त्या दिवसापास्नं रॅकेट धरून मॅच खेळलो न्हाय. हितं एका जिमखान्यात मार्कर हाय. साहेब लोक येत्यात, त्यांच्यासंगं तासभर बॉल मारायचा, ते जिकतील असं बघायचं. जमतंय.

तात्यास्नी सांग मी येत न्हाय. आन तुझ्या नवऱ्याला इचार, गुरवारी फोनवर काय ऐकलं ते.

बिरू

*

वडगाव निंबाळकर,
३० ऑगस्ट १९९३

बिरूस,

माझ्या बायकोला पत्र लिवायचं न्हाय. हे पयलं.

दुसरं. तिनं इचारलं, मी व्हय म्हणालो. खोटं बोललो मी. तात्यांच्या देखत व्हय म्हणालो. तात्यांनी पायताण फेकून मारलं, ते बी खाल्लं. आता तुला काय मारायचं आसंल तर ये आन मार.

तू फोनवर म्हणालास, खेळ सोडला, येतोय. तवा मला वाटलं, ह्यानं आजपातुर काय सोडलंय? मेंढरं तुझ्यापायी गेली, शाळा माझी गेली, पाठीची कातडी पोत्यानं गेली. तू आलास का समदी आरती तुला. न्हाय आलास तरी बी तुलाच. रईवारी तिला कलिंगड घेऊन जायाचो ते बी तुझ्या नावानं. ती माझ्याकडं बघून तुझं इचारायची. एकदा बी तिनं माझ्याकडं बघून माझं इचारलं न्हाय. आडत्याच्या गाळ्यात फोन ठिवला आन बाहेर आलो तवा मला ठावं नव्हतं काय बोलणार. राजदूतला किक मारली, कॉलनीत गेलो, तोंडातनं आपसूक निघालं.

पाप केलं. तिनं आता समोर थांबून वाढायचं बी बंद केलंय. वाढती, पर ताट सरकवून जाती. भोगतोय.

तू सुखी र्‍हा. जग बघितलंस, आमाला काय.

दादासाहेब

*

पुणे,
५ जून १९९४

सुप्रिया,

वरीस झालं. दादासाहेबानं लिवू नको म्हटलं म्हणून लिवलं न्हाय. आता लिवतोय.

मला जिमखान्यानं खोली दिली. मागच्या अंगाला हाय, पावसात गळती, पर दोन माणसांना पुरंल. पोरांना शिकवायचं काम बी मिळालंय. पोरं मला सर म्हणत्यात. काल एक पोरगं म्हणालं, सर, तुमी किती नंबरचं प्लेअर व्हता? मी म्हटलं, माझा नंबर लागायच्या आधीच मला लगीन व्हतं. ती हसली. मला हसू आलं न्हाय.

तू ये. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. तुझं लगीन लबाडीनं लागलं, त्याला मी लगीन मानत न्हाय, देव बी मानणार न्हाय. आपल्या दोघास्नी फसवलं त्या माणसानं. मी माझं समदं सोडून तुझ्याकडं आलो व्हतो, एवढं तरी ध्यानात घे. आजून बी मी त्या जाळीपाशीच उभा हाय समज.

तू नुसतं येते म्हण. मी इंदापूर स्टँडावर येतो.

तुझाच,
बिरू

*

इंदापूर,
३ जुलै १९९४

बिरू,

तुझं पत्र वडगावहून फिरून इथं आलं. मी इंदापुरात मावशीकडं राहतेय. डी.एड.ला नंबर लागला. दादासाहेबांनी अडवलं नाही. अडवायला तोंड कुठंय त्यांना! मामंजी म्हणाले, "जा पोरी, शिक, तुझ्या पायावर उभी र्‍हा. माझ्या दोन्ही पोरांचा तुला उपेग न्हाय." तेव्हा मला वाटलं, तुझं नाव त्यांनी उगीच घेतलं.

खरं सांगते. वर्षभर मी तुझ्या त्या ऑगस्टच्या पत्रावर जगले. नवरा खोटा, लग्न खोटं, पण एक माणूस तरी माझ्यासाठी सगळं टाकून धावत आला होता. उशिरा पोचला, त्याला तो काय करणार? गाडीनं घात केला. असं मनाशी म्हणायचे आणि बरं वाटायचं. मी तुला जूनमध्ये फसवलंस असं लिहिलं, त्याची मला लाज वाटायची. तुझं "ये" आधी आलं असतं, तर मी आलेही असते. खोटं कशाला बोलू? पिशवी भरून आले असते.

पण परवा मावसबहिणीचं लग्न झालं. दुपारी परण्या निघाला. मी दारात उभी होते. नवरदेव घोड्यावर, बाशिंग, हातात कट्यार, पुढं बँड, पोरं नाचतायत, सगळे मारुतीकडं चाललेले. मावशी मागून ओरडली, "अगं बघत काय उभी राहिलीस, परण्या परत येईस्तोवर नवरीची तयारी व्हायला पायजे!" मी आत जाऊन तुझं ऑगस्टचं पत्र काढलं आणि परत वाचलं.

बिरू, परण्या मारुतीला जातो तो अक्षतांच्या आधी. हे वडगावच्या शेंबड्या पोराला कळतं. तुला कळत नव्हतं? अक्षता पडल्यावर घोडा राहतोच कुठं? आमची वरात रात्री ट्रॅक्टरवरून निघाली, घोडेवाला कधीच घरी गेला होता. तू दादासाहेबांना घोड्यावर बघितलंस म्हणजे तू वेळेवर आला होतास. चांगला वेळेवर! माझं लग्न लागायचं होतं. घोड्याचा लगाम धरून नुसतं "उतर" म्हणाला असतास तरी पुरे होतं. नाहीतर मांडवात येऊन नुसता उभा राहिला असतास. मामंजी होते, आबा होते, मी होते. एका माणसाचं खोटं किती टिकलं असतं तुझ्या तोंडापुढं?

मी दोन दिवस विचार करतेय, तू का नाही आलास. तू ये म्हणतोयस ना, मग ऐक मला काय वाटतं ते. तुझ्या हातात काही नव्हतं. गुण नाहीत, नाव नाही, कपडे घामेजलेले. फेटे बांधून साहेब बसलेल्या त्या मांडवात तुला हरलेला म्हणून यायची लाज वाटली. घोड्यावर भाऊ दिसला आणि तुला सुटका मिळाली. आता सगळं त्याच्या नावावर. आता तू कधीच हरलेला नाहीस, फसवला गेलेला आहेस. पोरांना सांगतोस, माझा नंबर लागायच्या आधी लग्न होतं. माझ्या नावावरही टाकलंस की रे! कलकत्त्याला एक वॉकओव्हर दिलास आणि वालचंदनगरला दुसरा. पहिला माझ्यासाठी दिलास म्हणून दुसऱ्याचं कुणाला काही वाटू नये अशी तुझी समजूत.

दादासाहेबांनी मला फसवलं. पण पायताण खाऊन व्हय म्हणाले. तू अजून म्हणतोस, उशिरा पोचलो.

आता एक सांगते, जे मी कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी गोरज मुहूर्त टळून गेला होता. बत्त्या लागल्या होत्या. अंतरपाट धरला, गुरुजींची मंगलाष्टकं झाली आणि ते आता शेवटचं "तदेव लग्नं" म्हणणार, तेवढ्यात मी साखरबाई आत्याचा हात दाबला. म्हटलं, आत्या, तुझं एक म्हण. तिला केवढा आनंद झाला! तिनं खड्या आवाजात म्हटलं. संपलं, तर मी म्हटलं, आत्या, अजून एक. तिनं अजून एक म्हटलं. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या, पोरं रडायला लागली, मागून कुणीतरी ओरडलं, "आवरा की आता, वाढप्यांना झोप यायला लागली!" मी परत हात दाबला. अजून एक. आत्याला येत होती तेवढी सगळी संपली. मग ती जात्यावरच्या ओव्याच मंगलाष्टकाच्या चालीत म्हणायला लागली. गुरुजी कपाळाला हात लावून बसले. सगळे हसत होते. पलीकडं दादासाहेब घामाघूम होऊन उभे होते, त्यांना कळत होतं मी काय करतेय.

कारण मला त्यांचा शब्द खरा वाटलाच नव्हता. तुझं पत्र वाचूनसुद्धा वाटला नव्हता. मला वाटत होतं, बिरू येईल. आऊट जाणाऱ्या बॉलमागं धावणारा पोरगा आहे तो, तो सोडणार नाही. मी अंतरपाटाकडं बघतच नव्हते. मान खाली घालून मांडवाच्या दाराकडं बघत होते. दारातून थेट तुझ्या कोर्टाची जाळी दिसते, तुला ठाऊक आहे. जाळीमागं कुणीच नव्हतं. तू तेव्हा बारामतीच्या परतीच्या एसटीत बसलेला होतास.

शेवटी आत्याचा घसा बसला आणि अक्षता पडल्या.

मी पुण्याला येणार नाही. वडगावलाही जाणार नाही. शिकेन, कुठंतरी शाळेवर लागेन. तू इंदापूर स्टँडवर येऊ नकोस, मी तिथं कुणाची वाट बघत उभी राहणार नाही.

साखरबाई आत्या मला अजून विचारते, "पोरी, त्या दिवशी एवढी गायला का गं लावलीस मला?" तिला काय सांगू, तेवढं सुचलं तर कळव. नाहीतर काही लिहू नकोस.

सुप्रिया